हात तर खालीच राहिला

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नववीचा वर्ग, तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, बाहेर पावसाने दडी मारलेली. धडा गतीचे नियम. मी फळ्यावर एक बॉल काढला, हातातून सुटून वर चाललेला. खाली जाणारा एक बाण काढून लिहिलं, ‘गुरुत्वीय बल’. वर जाणारा त्याहून लांब बाण काढून लिहिलं, ‘हाताने दिलेलं बल’. आणि ऐटीत समजावून सांगितलं: वरचा बाण मोठा आहे तोवर बॉल वर जातो, मग हे हाताचं बल हळूहळू संपतं, अगदी टोकाला दोन्ही बाण सारखे होतात, आणि तिथून गुरुत्वाकर्षण जिंकतं. किती सुटसुटीत! मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली. काहींनी तर पट्टी लावून.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, हात तर खालीच ऱ्हायला की.”

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, “अगं, हात राहिला, पण हातानं दिलेलं बल बॉलमध्ये गेलं ना.” ती “हां” म्हणून बसली. पटलं नव्हतं, पण सरांनी सांगितलंय तर असेल, अशा चेहऱ्याने.

रात्री जेवताना ते वाक्य घासासारखं अडकलं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. वर फेकलेल्या दगडाची गणितं शेकड्याने सोडवलेली. त्या गणितांत हातातून सुटल्यानंतर एकच बल असतं, खाली ओढणारं. वरच्या बाणाचं नावही कुठल्या समीकरणात नसतं. हवेचा थोडासा अडसर सोडला तर वर जाताना, टोकाला आणि खाली येताना, तिन्ही वेळी तेच एक बल आणि तेच त्वरण, ९.८. हे मला तोंडपाठ होतं. आणि तरी खडू हातात घेतला की दुसरंच चित्र निघत होतं. बरोबर गणित आणि चूक चित्र माझ्या डोक्यात एकाच वाड्यात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखी इतकी वर्षं नांदत होती. त्यांची गाठ त्या पोरीने घालून दिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, काल मी चुकीचं काढलं, वरचा बाण खोडा. वर्ग गप्प. मग मागून प्रश्न आला, “सर, परीक्षेत कुठला काढायचा?”

नंतर कळलं की मी या चुकीत एकटा नव्हतो. जॉन क्लेमेंट नावाच्या अमेरिकन संशोधकाने इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्यावरची बलं दाखवायला सांगितली होती. बहुतेकांनी माझाच बाण काढला, आणि भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरही तो बऱ्याच जणांच्या कागदावर शिल्लक होता. हा लेख १९८२ सालचा आहे. वाचून आधी बरं वाटलं, मग अजिबात बरं वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. बलाचा बाण काढायचा तर त्याच्यावर दोन नावं लिहायची: कोण, कुणाला. ‘पृथ्वी, बॉलला.’ ‘दोरी, बादलीला.’ दुसरं नाव सापडलं नाही तर बाण खोडायचा. भांडण कसं, एकट्याचं नसतं, समोर कुणीतरी लागतं. बलाचंही तसंच आहे. ते कुणाच्या खिशात नसतं, दोघांच्या मध्ये चाललेलं असतं, आणि स्पर्शाचं असेल तर दोघे सुटे झाले की संपतं. हातातून सुटताना बॉल जे घेऊन जातो तो वेग. बल हाताबरोबर खालीच राहतं.

हे लिहायला दोन ओळी लागल्या. वर्गात उतरायला दरवर्षी दीड-दोन महिने लागतात, आणि त्यात दोष मुलांचा फार कमी असतो. थोडा आपल्या भाषेचा असतो. म्हणजे दोष तरी कसा म्हणायचा, भाषा काही न्यूटनसाठी थांबली नव्हती. ‘गती’ म्हटलं की हलणं आलंच, पण ‘मला गणितात गती नाही’ हेही आलं, आणि म्हातारं माणूस गेलं की त्याला चांगली गती मिळो हेही आलं. बल, बळ, जोर, ताकद, शक्ती, रेटा हे सगळे शब्द बोलण्यात एका पंगतीला बसतात. पैलवानाच्या ‘अंगात बळ’ असतं. म्हणजे आपल्या भाषेत बळ ही अंगात साठवायची, जेवून वाढवायची आणि राबून संपवायची गोष्ट आहे. मग पोरगं म्हणतं बॉलच्या अंगात बळ आहे, ते वर जाताना संपतं, यात त्याचं काय चुकलं? त्याने चोख मराठी लिहिलं. ते भौतिकशास्त्र नव्हतं एवढंच.

‘जडत्व’ तर आणखी गमतीचा. जड म्हणजे वजनदार. जड म्हणजे चेतना नसलेलं. शिवाय बुद्धी जड असते, पोट जड होतं, निरोप घेताना अंतःकरण जड होतं. जडत्व शब्द फळ्यावर लिहिला की मुलांच्या डोळ्यांपुढे न हलणारा धोंडा येतो. पळणाऱ्या एस.टी.ला जडत्व आहे, आणि म्हणूनच ती लवकर थांबत नाही, हे त्या धोंड्याला कसं पेलावं?

मी पहिल्या आठवड्यात हे शब्द आता वापरतच नाही. ढकलणं, ओढणं, अडवणं, एवढ्यावर भागवतो.

आणि पहिल्या दिवशी त्यांचं म्हणणं ऐकून घेतो. म्हणणं दरवर्षी एकच: ढकललं तर हलतं, ढकलायचं थांबवलं की थांबतं. पुरावे भरपूर. केळीवाल्याचा हातगाडा, सायकलचं पायडल, पाणी काढायचा पंप, बैलगाडी. बैल थांबले की गाडी थांबते, हे कुणाला शिकवायचं? ॲरिस्टॉटलचंही साधारण हेच म्हणणं होतं, आणि तो काही साधासुधा माणूस नव्हता. पुढची कित्येक शतकं युरोपातली आणि अरब जगातली शहाणी माणसं त्यावर वाद घालत, डागडुजी करत राहिली. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने सांगितलं की फेकणारा फेकलेल्या वस्तूत एक जोर भरून देतो आणि तो जोर तिला पुढे नेतो. हे वाचलं तेव्हा मी हसलोच. माझा फळ्यावरचा बाण सहाशे वर्षं जुना निघाला.

तेव्हा मुलांच्या उत्तराला मी अज्ञान म्हणत नाही. चिखल, खड्डे, गंजलेले बेअरिंग आणि कमी हवेची चाकं यांच्या जगात राहून प्रामाणिकपणे बांधलेला तो सिद्धान्त आहे. तो मोडायचा तर आधी जग थोडं बदलावं लागतं. चिखल काढून टाकावा लागतो.

त्यासाठी आमच्या शाळेत कॅरम आहे.

जुलैत बोर्ड दमट असतो. तसाच, न पुसता, मधोमध ठेवायचा आणि एका मुलाला सांगायचं, स्ट्रायकर मार, मध्यम जोरानं. स्ट्रायकर कुरकुरत अर्ध्यात थांबतो. “का थांबला?” “सर, जोर संपला.” ठीक. फळ्यावर लिहून ठेवायचं, ‘जोर संपला’. मग बोर्ड कोरड्या फडक्याने पुसायचा. त्याच मुलाने, तेवढ्याच बेताने पुन्हा मारायचं. आता स्ट्रायकर समोरच्या कडेला जाऊन आपटतो. मग बोरिक पावडरचा डबा. पावडर भुरभुरवायची आणि तळहाताने गोल गोल पसरायची. हे काम करायला मुलांची झुंबड उडते. पुन्हा तोच हात, तीच टिचकी. स्ट्रायकर समोर आपटून परत येतो, पुन्हा जातो, सोंगट्या ठेवल्या असतील तर कुणालातरी घेऊन भोकात पडतो.

आता फळ्याकडे बोट दाखवायचं. “जोर संपला होता ना? मग पावडरनं जोर दिला का?”

इथे वर्ग गप्प होतो. पावडर जोर देत नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. ती फक्त कुणाचातरी हात धरते. कुणाचा? नाव सांगा. आणि मग कुणीतरी म्हणतं, बोर्डाचा. बोर्ड स्ट्रायकरला अडवतो. बाण मिळाला, दोन नावं मिळाली: ‘बोर्ड, स्ट्रायकरला’, दिशा उलटी. जोर संपत नव्हता, अडवणारा होता. म्हणजे ‘कोण पुढे नेतंय’ हा प्रश्नच आपण उगाच विचारत होतो. विचारायचं ते ‘कोण थांबवतंय’.

हा प्रश्न उलटा फिरवायला माणसांना इतकी शतकं लागली, हे मला अजूनही नवल वाटतं. पॉलिश केलेल्या लाकडावर बोरिक पावडर टाकून खेळणारं घरोघरी असतं तर लवकर सुचलं असतं का, असं एक खुळचट कुतूहल मला आहे.

गॅलिलिओने हे गोळे घरंगळवून पाहिलं. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने उताराच्या लाकडी पन्हळीचा प्रयोग लिहिलाय. सेकंद मोजायचं घड्याळ नव्हतं, म्हणून मोठ्या भांड्याला बारीक नळी लावून गोळा घरंगळेस्तोवर पडलेलं पाणी तो तोलून बघायचा. आमच्याकडे वायरिंगची केसिंग पट्टी आहे, प्लॅस्टिकची, झाकण काढलेली. तिला मधे वाकवून दोन बाजूंना दोन उतार करायचे, इंग्रजी व्हीसारखे पण तळाशी गोलाई असलेले, आणि एका टोकावरून गोटी सोडायची. ती खाली येऊन पलीकडच्या उतारावर चढते, जवळजवळ जितक्या उंचीवरून सोडली तितकीच. “जरा कमीच आली सर,” असं एकजण दरवर्षी म्हणतो. त्या मुलाला मी नेहमी पुढे बसवतो. हो, कमीच आली. ‘पट्टी, गोटीला.’ आता पलीकडचा उतार थोडा खाली घेतला. तेवढीच उंची गाठायला गोटीला लांब जावं लागलं. आणखी खाली घेतला, आणखी लांब. शेवटी पलीकडची बाजू जमिनीला टेकवून आडवी केली, आणि विचारलं, आता?

“सर, ती उंची येणारच नाही.”

“मग?”

“मग ती जातच ऱ्हाईल.” आणि स्वतःच दचकून, “पण जात न्हाई सर. ती बघा, थांबली.” गोटी खरोखरच दाराशी चपलांच्या ढिगात जाऊन थांबलेली असते.

न्यूटनने १६८७ साली पहिला नियम म्हणून जे मांडलं ते एवढंच. वस्तू थांबलेली असेल तर थांबलेली राहते, सरळ रेषेत एकाच वेगाने चाललेली असेल तर तशीच चालत राहते, बाहेरचं कुणी मधे पडेपर्यंत. पुस्तकातलं वाक्य मुलं पाठ करतातच. मी त्यांना व्हॉयेजर-१ सांगतो. १९७७च्या सप्टेंबरात सोडलेलं यान. आज सेकंदाला साधारण १७ किलोमीटरने सूर्यापासून दूर चाललंय, आणि ढकलणारं इंजिन चालू नाही. एका वर्षी एकाने विचारलं होतं, “सर, डिझेल किती लागत असंल?” त्याच्या घरी ट्रॅक्टर होता. मी म्हटलं, जायला काहीच नाही. तो बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिला. फुकट चालणाऱ्या गाडीवर शेतकऱ्याच्या पोराचा विश्वास बसायचा तरी कसा!

चौथ्या की पाचव्या दिवशी एस.टी. येते. वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून लाल गाडीने येतात, त्यामुळे उदाहरण शोधावं लागत नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की काय होतं? “पुढं धक्का बसतो.” कुणी दिला? “ब्रेकनं.” ब्रेक तर चाकाला लागला, चाक तुझ्या पाठीमागे आहे का? “नाय.” मग पाठीमागून कुणी ढकललं? नाव सांग. वर्ग एकमेकांकडे बघतो. मागच्या सीटवर कोण बसलं होतं यावर थोडी चर्चा होते. शेवटी नाव सापडत नाही. सापडत नाही तर बाण खोडायचा, नियम म्हणजे नियम.

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर तीत बसलेला प्रत्येकजण सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे चाललेला असतो, झोपलेला म्हातारासुद्धा. गाडीला थांबवणारे आहेत, ब्रेक आणि रस्ता. तुम्हाला कोण थांबवणार? पायाखालची फरशी थोडंफार थांबवते, म्हणून पाय थांबतात आणि डोकं पुढे जातं. कंडक्टरला हे पुस्तकाशिवाय कळलेलं असतं. तो उभा कसा असतो ते पाहा. दोन्ही हात तिकिटाच्या मशीनला आणि पैशांना गुंतलेले, कशालाही धरलेलं नाही. कंबरेची एक बाजू सीटच्या पाठीला टेकलेली, पाय फाकलेले, एक किंचित पुढे. घाटातल्या वळणावर नवखी माणसं दांड्याला लोंबकळत असतात आणि हा सुट्टे मोजत असतो. सीटच्या पाठीला टेकलेली ती कंबर म्हणजे त्याला गाडीबरोबर थांबवणारं आणि वळवणारं दुसरं नाव. चालत्या गाडीतून उतरणारे जुने लोकही गाडीच्या दिशेनेच तोंड करून उतरायचे आणि चार पावलं पळायचे. हे वर्गात सांगताना ‘तुम्ही करू नका’ असं दोनदा म्हणावं लागतं.

एका मुलीने घरी जाताना गाडीत रुपया वर उडवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सांगत आली, सर, हातातच पडला, मागं न्हाई गेला. मी विचारलं, गाडी एकसारखी चालली होती का? म्हणाली, एकदा एकसारखी होती तेव्हा हातात पडला, आणि एकदा ड्रायव्हरनं ब्रेक मारला तेव्हा पुढच्या काकांच्या टोपीवर. तिला वेगळं काही शिकवायची गरज उरली नाही. पृथ्वी आपल्या भागात ताशी जवळजवळ १६०० किलोमीटरने फिरते आणि तरी उडी मारली की आपण तिथंच पडतो, हे तिने त्या रुपयावरून स्वतःच जुळवलं.

इथे एक आडवाट. जत्रेतून गॅसचा फुगा घ्यावा, काचा बंद केलेल्या गाडीत दोरीने धरून बसावं, आणि ड्रायव्हरला गाडी झटक्यात पळवायला सांगावी. आपण मागे रेलतो, आरशाला टांगलेलं लिंबू-मिरची मागे झुकतं, आणि फुगा पुढे जातो. हो, पुढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दोरीचा काहीतरी घोळ आहे. घोळ नाही. गाडीतली हवाही आपल्यासारखीच मागे राहू पाहते, मागच्या बाजूला दाटते, आणि फुग्यातला वायू तिच्याहून हलका, म्हणून तो पुढे रेटला जातो. ‘हवा, फुग्याला.’ मुलांना हे सांगितल्यावर पुढच्या जत्रेनंतर पाच-सहा पालकांनी, सर, गॅसचे फुगे घ्यायला का लावता, अशी तक्रार केली.

तेलाच्या डब्यांचा प्रयोग मी उशिरा शिकलो, आणि सगळ्यांत मोठं काम त्यानेच केलं. पंधरा किलोचे दोन रिकामे डबे. एक तसाच, एकात अर्ध्यापर्यंत वाळू, दोन्हींना झाकणं. व्हरांड्याच्या तुळईला लांब दोरांनी शेजारी शेजारी टांगायचे, जमिनीपासून वीतभर वर. दिसायला दोन्ही सारखे. कुठल्यात वाळू आहे ते उचलून न बघता ओळखायचं, फक्त एका बोटाने आडवं ढकलून. टांगल्यामुळे खाली घर्षणाची सबब उरत नाही आणि उचलायचा भार दोराने घेतलेला असतो. रिकामा डबा बोट लावताच पळतो. वाळूचा आधी ढिम्म, मग हळूच, मग सावकाश निघतो. “हा जड आहे,” मुलं म्हणतात. मी म्हणतो, जड असू दे, तू कुठे उचलतोयस? आता तोच डबा झोका घेऊन परत येतोय, त्याला त्याच बोटाने थांबव. बोट मागे मुडपतं. पोरगं दोन्ही तळहात लावतं आणि पाऊलभर मागे सरकतं. हलायला तयार नव्हता तो आता थांबायलाही तयार नाही.

त्या वर्षी एका मुलाने वहीत जडत्वाची व्याख्या लिहिली: ‘डब्याचा हट्ट’. मी त्याला पूर्ण गुण दिले, आणि तेव्हापासून माझ्या वर्गात जडत्वाचं बोलीतलं नाव हट्ट आहे. जडत्वासाठीचा ‘इनर्शिया’ हा जो लॅटिन शब्द खगोलशास्त्रज्ञ केपलरने ग्रहांसाठी वापरला त्याचा अर्थ आळस. त्याच्या लेखी वस्तू आळशी, ढकलणारा थांबला की जिथल्या तिथे बसणारी. न्यूटनने शब्द तोच ठेवला आणि त्यातला आळस काढून टाकला. आमच्या पोराने शब्दच बदलला. आळशाला चालायला लावलं की तो संधी साधून बसतो. हट्टी माणूस चालायला लागला की चालतच राहतो. वस्तुमान म्हणजे या हट्टाचं माप. दुसऱ्या नियमाचं सूत्र त्यानंतर दहा मिनिटांत होतं: जेवढा हट्ट जास्त, तेवढंच त्वरण द्यायला तेवढं बल जास्त. गणितं मग सुरळीत सुटतात. त्यावर मी इथे वेळ घालवत नाही, वर्गात घालवतोच.

तिसऱ्या नियमाला बैलगाडीचा जुना पेच दरवर्षी कुणीतरी काढतंच. बैल गाडीला ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर मग गाडी निघते कशी? दोन नावांची सवय असली की पेच टिकत नाही. ‘गाडी, बैलाला’ हा बाण बैलावर आहे, तो गाडीच्या हिशोबात धरायचाच नाही. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. चिखलात खूर सरकायला लागले की बैल कितीही जोर लावो, गाडी रुतलेलीच राहते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

माझी तक्रार एकच आहे, आणि ती माझ्याच प्रश्नपत्रिकांवर आहे. ‘जडत्व म्हणजे काय? प्रकार उदाहरणांसह लिहा.’ विराम अवस्थेचं, गतीचं, दिशेचं. तीन मथळे, तीन उदाहरणं. गालिचा झटकला की धूळ उडते. ज्याने कधी गालिचा पाहिला नाही तोही ते लिहितो आणि गुण घेतो. मीच ते गुण देतो.

म्हणून एका वर्षी मी चाचणीत गोफण घातली. आमचा भाग ज्वारीचा. मंगळवेढ्याकडची काळी जमीन, आणि कणसं भरायला लागली की माळ्यावर बसून पाखरं राखणं आलं. कागदावर वरून पाहिल्यासारखं एक वर्तुळ काढलं, त्यावर दगड, मधे माणूस. दगड सुटला तर कुठे जाईल? चार बाणांतून निवडा. बहुतेकांनी केंद्रापासून थेट बाहेर जाणारा बाण निवडला. त्यात तो मुलगाही होता जो दर थंडीत शाळा सुटल्यावर थेट माळ्यावर जायचा.

पेपर वाटताना त्याला बोलावलं. म्हटलं, मोकळ्या हाताने फिरवून दाखव. त्याने डोक्यावर हात फिरवला, एक फेर, दोन फेर. “सोड.” हात थांबला. थांबला तो उजव्या अंगाला, खांद्याच्या रेषेत.

“आत्ता दगड कुठे आहे?”

“हितं.” उजवीकडे.

“आणि पाखरं?”

“म्होरं.”

“बाहेर जाणारा बाण खरा असता तर दगड कुठे गेला असता?”

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. कागदावरच्या खुणेप्रमाणे दगड उजवीकडे, शेजारच्याच्या रानात जायला हवा होता. आणि हा पोरगा वर्षानुवर्षं समोरची पाखरं उठवत होता. “मग म्या पेपरात हे का लिवलं?” त्याने मला विचारलं. खरोखर विचारलं. माझ्याकडे त्याचं उत्तर असतं तर मी तो बॉलचा बाण काढलाच नसता.

दोरी दगडाला सतत आत ओढत असते. ‘दोरी, दगडाला.’ सोडली की ते नाव संपलं. मग दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ निघतो, वर्तुळाला घासून जाणाऱ्या रेषेत. हाताला बाहेरची ओढ जाणवते ती खरी, पण ती हातावर आहे, दगडावर नाही. हे मी फळ्यावर छान काढलं. मुलगा म्हणाला, “सर, जानेवारीत हुरड्याला या. सोडून बघा.”

गेलो. माळ्यावर त्याची आज्जी होती, डोक्यावरून पदर, शेजारी दगडांचा ढीग. गोफण सुताची, हाताने विणलेली. मधे दगड बसायला तळव्याएवढी जाळी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फासा, दुसरं टोक मोकळं, चिमटीत धरायचं. सुटताना ते मोकळं टोक फटकन वाजतं, आणि खरं तर पाखरं त्या आवाजानेच उठतात. आज्जीने माझ्या बोटात फासा घालून दिला. मी मनात रेषा आखली. उजवीकडे आला की सोडायचं. फिरवली, उजवीकडे आलेला पाहिला, सोडली. दगड डावीकडच्या बोरीत गेला. पोरगा तोंड फिरवून हसला. दुसऱ्या वेळी ठरवून लवकर सोडली, तर तो उजवीकडे बांधापलीकडे.

“गुरुजी,” आज्जी म्हणाली, “बघून नगा सोडू. बघस्तवर दगड म्होरं जातोय.”

मी माळ्यावर उभ्या उभ्या हिशोब केला. सेकंदाला दोन फेरे म्हणजे पाव फेरा एक अष्टमांश सेकंदात. डोळ्याने पाहून बोटाने सोडायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. उजवीकडे दिसलेला दगड बोट उघडेपर्यंत समोर जाऊन डावीकडे निघालेला असतो. आज्जीचं बरोबर होतं.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. फट्ट आवाज झाला. समोरून पाखरांचा थवा उठला, कणसांवरून एकदम, पाणी उसळावं तसा.

“दगड कुठे गेला, आज्जी?”

“गेला की कुटंतरी. पाखरं उठली न्हवं?”